मुकी काठी

रविवारी दुपारी तिघं एकत्र जेवायची, आणि ताटं उचलायच्या आत दादाची टर उडवली जायची. इतक्या वर्षांत हा नेम कधी चुकला नव्हता.

"बसमधला कंडक्टर निदान तिकीट तरी देतो," ताई सुरुवात करायची. "घंटी मारतो, म्हातारीला जागा करून देतो. आणि आमचा हा कंडक्टर! हातात मुकी काठी, तोंडात गुळणी, आणि शेवटी कमरेत वाकून टाळ्या घ्यायला सगळ्यांत पुढे. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच."

"आणि घाम बघ की त्याचा, घाम!" मामा लगेच री ओढायचा. "वाजवून वाजवून ओठ आमचे सुजतात, आणि रुमाल भिजतो याचा. मी तर माझी ओळ डोळे मिटून वाजवतो. काठीकडे बघतोय कोण?"

"चालू द्या तुमचं," असं म्हणून दादा आपली बशी विसळायला उठायचा. उलट उत्तर त्याने कधी दिलं नाही. बिचाऱ्याकडे उत्तरच नसेल, असं ताईला वाटायचं.

तिघंही गावातल्या हौशी वाद्यवृंदात होती. चाळीसेक माणसं, सगळी आपापला पोटापाण्याचा उद्योग सांभाळून आलेली. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर एक लांबट हॉल होता, तिथे सराव चालायचा. हॉलच्या एका खिडकीची काच सैल होती. खालचा एक ठरावीक सूर लागला की ती माशीसारखी गुणगुणायला लागायची, म्हणून सरावाआधी कुणीतरी तिच्या फटीत पुठ्ठ्याची घडी कोंबायचं.

दादा चष्म्याचं दुकान चालवायचा आणि संध्याकाळी काठी घेऊन सगळ्यांसमोर उभा राहायचा. ताई दिवसभर माणसांना मोटार चालवायला शिकवायची आणि संध्याकाळी अगदी मागच्या रांगेत तांब्याचे दोन मोठे नगारे वाजवायची. मामा म्हणजे त्यांच्या आईचा भाऊ. जन्मभर सुतारकाम केलेला, लाकडाच्या भुशाने छाती थोडी गेलेली, आणि तरी गावातला पहिला क्लॅरिनेटवाला. दोघा भाचरांना सूर म्हणजे काय ते त्यानेच शिकवलं होतं.

वाद्यवृंदाच्या दर मोठ्या कार्यक्रमात एक संथ रचना असायचीच. तिच्या मध्यावर सगळी वाद्यं हळू होत जात आणि क्लॅरिनेटची एक लांबच लांब ओळ सुरू होई. ती ओळ एका श्वासात वाजवायची. विहिरीतून काठोकाठ भरलेली घागर थेंबही न सांडता वर आणावी, तसं ते काम. मामा ते करायचा, आणि लोक खास तेवढ्यासाठी यायचे. मामाने एक गोष्ट सर्वांना सांगून ठेवली होती. "ज्या दिवशी ती ओळ मध्ये तुटेल, त्या दिवशी क्लॅरिनेटची पेटी बंद. मग मला कुणी आग्रह करायचा नाही आणि समजूतही घालायची नाही." मामा बोलला की बोलला, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आणि क्लॅरिनेट सुटलं की मामाकडे काय उरेल, याचा विचार करायला कुणी धजत नव्हतं. मामी गेल्यापासून त्याच्या घरातून ऐकू येणारा आवाज तेवढाच होता.

कार्यक्रम दोन आठवड्यांवर आला आणि दादाचा डोळा बिघडला. गावाच्या तीन पिढ्यांना चष्मे लावलेल्या माणसाच्या स्वतःच्या डोळ्याचा पडदा सुटला होता. घाईने शस्त्रक्रिया झाली. ती बरी झाली, पण डॉक्टरीणबाईंनी बजावलं की आता पालथं झोपायचं, मान खाली ठेवायची आणि हातवारे तर अजिबात करायचे नाहीत. दादा पलंगावर पालथा, कपाळ पलंगाच्या कडेबाहेर आलेल्या गोल उशीच्या भोकात, आणि जगाशी त्याचा सगळा व्यवहार फरशीमार्फत.

"आता काठी कोण धरणार?" व्हायोलिनच्या प्रमुख असलेल्या गणिताच्या बाईंनी विचारलं. त्यांना स्वतःला वाजवायचं होतं.

"ताई!" चेलोवरून दाताचे डॉक्टर म्हणाले. "इतकी वर्षं ती दादांच्या अगदी समोर उभी आहे. त्यांचा हात तिच्याइतका कुणी पाहिलाय?"

बेकरीवाला एरवी झांजा वाजवायचा. त्याने नगाऱ्यांची जबाबदारी आनंदाने घेतली.

"त्यात काय!" ताई म्हणाली. हे दोन शब्द तिला पुढे बरेच दिवस आठवत राहिले.

सरावाला निघताना ती दादाला भेटायला गेली. "काही सांगायचंय?"

"मामाकडे बघत राहा," दादाने फरशीला सांगितलं.

"त्याला खूण द्यायची ना, कुठे सुरू करायचं ती? देईन की."

दादा आणखी काही बोलणार होता, पण तेवढ्यात त्याचं नाक गळायला लागलं, आणि ते पुसण्यात बोलणं राहून गेलं.

पहिल्या सरावाला ताई काठी उचलून उभी राहिली आणि तिच्या लक्षात आलं की ही जागा तिने आजवर फक्त समोरून पाहिली होती. चाळीस तोंडं तिच्याकडे वळलेली. तिने काठी खाली आणली. अर्धे लोक सुरू झाले, अर्धे मागून आले. जिन्यावरून भांडी गडगडावीत तसा आवाज झाला.

"पुन्हा," ती म्हणाली.

दुसऱ्यांदा जमलं. जलद चालीची, उड्या मारत जाणारी रचना होती. ताईचा कान तयार होता. प्रत्येक ठोका ती नीट ऐकत होती आणि त्याच्याबरोबर हात अचूक खाली आणत होती. छान चाललंय, असं तिला वाटलं. मग रचना थोडी सैल वाटायला लागली. मग आणखी. ताईने हात जोरात मारायला सुरुवात केली. जितका जोर लावावा, तितकी गती मंदावत गेली. चढावर बैल थकावा तसा सगळा वाद्यवृंद पाय ओढायला लागला.

"ताई," दाताचे डॉक्टर वाजवता वाजवताच म्हणाले, "आज घरी जेवायला जायचंय ना आपल्याला?"

हशा झाला. ताईही हसली, पण तिच्या मानेवरून घामाची धार निघाली होती. रुमाल आणायला ती विसरली होती.

मग संथ रचना आली. तीही घसरत घसरत आणखी संथ झाली. मामाने डोळे मिटले, क्लॅरिनेट ओठांना लावलं आणि त्याची ओळ सुरू झाली. खालून व्हायोलिनं साथ देत होती. त्याचा सूर जुन्या लाकडासारखा, उबदार. ताई मन लावून ऐकत होती आणि ऐकून हात हलवत होती. घागर वर येत होती, वर येत होती, आणि काठाशी आल्यावर दोर तुटला.

एक छोटा, ओढलेला श्वास. बाहेरच्या कुणाला कळलाही नसता. पण हॉलमधल्या प्रत्येकाला कळला. व्हायोलिनं एकेक करून थांबली. खिडकीची काच तेवढी उगाच गुणगुणली आणि गप्प झाली.

मामाने डोळे उघडले. क्लॅरिनेट मांडीवर आडवं ठेवून त्याने फडक्याने पुसायला सुरुवात केली, जणू त्यात काही अडकलं होतं.

"मामा, माझं चुकलं असेल," ताई म्हणाली.

"छाती माझी आहे, पोरी. तू तिथे उभी राहून माझ्या छातीचं काय चुकवणार?" तो हसला. पण ते हसू कुणाला बघवलं नाही. शेजारी दुसरं क्लॅरिनेट वाजवणारी नर्सबाई बसायची. तो तिच्याकडे वळला. "माझी ओळ बसवून ठेव. आजचा सराव होता, म्हणून मोजत नाही. पुढच्या वेळी तुटली तर शनिवारच्या कार्यक्रमात तूच वाजवायचीस."

"मामा, असं काय..."

"समजूत घालायची नाही, हे ठरलंय ना?"

ताईने हौसेने हात दाखवून अवलक्षण करून घेतलं होतं, आणि त्याची भरपाई मामाने करायची होती.

ती तडक दादाकडे गेली. पलंगाच्या कडेला फरशीवर उताणी पडली, म्हणजे तिचा चेहरा उशीच्या भोकातून त्याला दिसला.

"काय छकुले, नगारे जड होते की काठी?" दादाने विचारलं. ताई पन्नाशीची झाली तरी त्याची छकुलीच होती.

"टोमणे नंतर मार. हे ऐक." तिने सराव फोनवर रेकॉर्ड केला होता.

दादाने तो ऐकला. चालीची रचना ऐकताना त्याची पाठ हसण्याने हलली. मामाचा श्वास तुटला तिथे पाठ स्थिर झाली.

"तू ऐकतेस," तो म्हणाला.

"मग काय बहिरी होऊ?"

"अगं, तू त्यांचं ऐकून हात हलवतेस. ते तुझा हात बघून वाजवतात. दोन सभ्य माणसं दारात अडकतात ना, आधी तुम्ही, छे छे आधी तुम्ही, तसं झालंय. तू त्यांची वाट बघतेस, ते तुझी. दर ठोक्याला केसभर उशीर. केसाकेसाने दोरखंड होतो." तो थोडा थांबला. "काठी खाली येते तेव्हा सांगायचं ते सांगून झालेलं असतं. सांगणं त्याच्या आधी असतं, तू काठी वर नेताना श्वास घेतेस तिथे. जे वाजतंय ते ऐक, पण हाताने जे वाजायचंय ते दाखव."

ताई फरशीवर पडल्या पडल्या छताकडे बघत राहिली. तिच्या शाळेत येणारा प्रत्येक नवा माणूस पहिल्या दिवशी गाडीच्या बॉनेटकडे टक लावून बसतो. आणि ती प्रत्येकाला न कंटाळता सांगते की गाडी जिथे आहे तिथे बघून काय उपयोग, ती तर तिथे आहेच. पुढच्या वळणाकडे बघा.

"म्हणजे मी बॉनेटकडे बघत होते," ती म्हणाली.

"अगदी."

"बरं, ते कळलं. पण मामाचं काय? तुझ्यापुढे त्याची ओळ कधी तुटली नाही. तू काय करतोस तिथे?"

"मामाकडे बघतो."

"तो डोळे मिटतो, दादा! तुझी काठी तो बघतही नाही."

"म्हणून तर मी बघतो."

"बघून काय करतोस?"

"थांब, आठवू दे. पुस्तक आण बरं," दादा म्हणाला. सांगायचं टाळत नव्हता तो, शोधत होता. ताईने त्याचं स्वरांचं जाडजूड पुस्तक आणून ते पान उघडलं. सगळ्या वाद्यांच्या ओळी एकाखाली एक. कुठे पेन्सिलीची रेघही नव्हती. फक्त वर छापलेलं होतं: सावकाश.

"असं कर," दादा म्हणाला. "तू मामाची ओळ गा. मी हात हलवतो."

"डॉक्टरीणबाई मारतील."

"मनगट फक्त. मनगटाला त्यांनी बंदी केलेली नाही."

पलंगावरून त्याचा उजवा हात खाली लोंबत होता. ताई गायला लागली. ते मनगट हलायला लागलं, रुंद, सैल, भरपूर वेळ असल्यासारखं. ओळ वर चढली. ताईला श्वास कमी पडायला लागला, आणि नेमकं तिथे ते मनगट लहान झालं, हलकं झालं आणि अगदी अलगद पुढे सरकलं. ताईने ओळ पुरी केली. श्वास पुरला होता.

"तू तिथे घाई केलीस!" ती उठून बसली.

"छे. मी कधीच घाई करत नाही तिथे."

"केलीस, दादा. मी पाहिलं."

"पुन्हा गा बरं." पुन्हा तेच झालं. या वेळी दादाने स्वतःच्या हाताकडे नीट बघितलं. "अरेच्चा," तो हळूच म्हणाला. "खरंच की. कधीपासून करतोय कोण जाणे. मामाचे खांदे वर यायला लागले की मला कळतं, पाणी संपत आलंय. मग हातच हलका होतो. साथीची व्हायोलिनं जरा पुढे जातात, मामा त्यांच्यावर बसून जातो. त्याला वाटतं, आपणच गेलो. आणि जातो तोच, मी कुठे वाजवतो?"

ताई विचारात पडली. "म्हणजे आपण त्याला फसवायचं?"

"त्या पानावर काय लिहिलंय?"

"सावकाश."

"किती सावकाश, ते लिहिलंय?"

"नाही."

"लिहिणाऱ्याला ठाऊक होतं की वाजवणारा माणूस असेल. तेवढी जागा त्याने मोकळी सोडली. ती जागा मामाच्या छातीच्या मापाने भरली, तर त्यात फसवणूक कसली? अंगरखा शिवताना माप माणसाचं घेतात, कापडाचं नाही."

ताईला हे पटलं. पटणं आणि जमणं यात मात्र बरंच अंतर असतं.

पुढच्या सरावाला तिने हात पुढे ठेवला, आणि चालीची रचना खरोखर उड्या मारत गेली. दाताच्या डॉक्टरांनी चेलोचा गज उंचावून तिला दाद दिली. ताईच्या अंगात वारं शिरलं. संथ रचनेत मामाने डोळे मिटले आणि तिने त्याच्या खांद्यांवर नजर रोखली. खांदे जरा हलताच तिने हात हलका केला आणि पुढे नेला. व्हायोलिनं पुढे गेली. पुढे गेली म्हणजे पळालीच. मामाचे डोळे उघडले. ती ओळ वाजवताना मामाने डोळे उघडलेले आजवर कुणी पाहिले नव्हते. त्याने क्लॅरिनेट खाली घेतलं.

"कुणाची गाडी सुटतेय का?"

"नाही, मामा..."

"मग ढकलतेस कशाला? मी काय बंद पडलेली मोटार आहे?" आवाज चढला नव्हता, पण कान लाल झाले होते. "गेल्या वेळी माझा श्वास तुटला, म्हणून आज मला गाडीवर घालून ओढत न्यायचं ठरवलंस. होय ना?"

ताईला खोटं बोलता येईना. तिने मान खाली घातली.

"राहू दे. शनिवारी नर्सबाई वाजवेल."

सराव संपला. लोक खुर्च्या एकावर एक रचायला लागले, पण नेहमीच्या गप्पा नव्हत्या. ताईने मामाला जिन्यात गाठलं.

"मामा, ओळ तुटली नाही आज. तू थांबवलीस. ठरल्याप्रमाणे तुटली तरच सोडायची."

"वकिली कुठे शिकलीस?"

"तू वाजव. मी मध्ये पडणार नाही. मी काही म्हणजे काही करणार नाही."

मामाने तिच्याकडे निरखून पाहिलं. "काही न करणं तुला जमेल? लहानपणी सरबतात साखर विरघळायचीसुद्धा तुला वाट बघवत नसे. पातेलं हलवून हलवून निम्मं सांडायचीस." मग पेटी दुसऱ्या हातात घेत तो म्हणाला, "वाजवतो. पण तुटली तर तिथेच संपलं, सगळ्यांच्या देखत."

तिने शब्द तर दिला. काही केलं तर मामा चिडणार, आणि काही केलं नाही तर ओळ तुटणार. इकडे आड, तिकडे विहीर.

शुक्रवारी सकाळी तिच्या गाडीत एक निवृत्त कारकून शिकायला होते. मोठे घाबरट गृहस्थ. रस्ता मोकळा होता. पुढे डावीकडच्या गल्लीतून एका सायकलचं चाक जरासं डोकावलं. कारकुनांनी ते पाहिलं नव्हतं. ताई एरवी अशा वेळी स्वतःच्या बाजूचा ब्रेक दाबायची, गाडीला हिसका बसायचा आणि शिकणारा ओशाळायचा. त्या दिवशी तिचा पाय ब्रेकवर गेला, पण तिने तो दाबला नाही. ती नुसती ताठ बसली आणि गल्लीकडे बघत तिने हळूच श्वास आत घेतला. कारकुनांचा पाय आपोआप ब्रेककडे गेला. सायकलवाला निघून गेला.

"बघितलंत ताई?" कारकून फुलून म्हणाले. "माझ्या आधीच लक्षात आलं होतं! आज तुम्हाला काही करावंच लागलं नाही."

"खरंच की," ताई म्हणाली, आणि पुढचा सगळा रस्ता आपला तो श्वास आठवत राहिली.

शनिवारी संध्याकाळी नगरसभागृह भरलं होतं. दादाला आता बसायची परवानगी मिळाली होती, पण मान खाली ठेवूनच. शेवटच्या रांगेत, डोळ्यावर पट्टी, हनुवटी छातीला टेकलेली. स्वतःच्या बुटांखेरीज त्याला काही दिसत नव्हतं. शेजारच्या बाईंना वाटलं, गृहस्थांना झोप लागली.

चालीची रचना झाली. टाळ्या झाल्या. बेकरीवाल्याने नगारे असे वाजवले की ताईला त्याचा थोडा हेवाच वाटला. मग संथ रचना सुरू झाली.

तिने मामाच्या ओळीची वाट पाहिली नाही. कितीतरी आधीपासून ती तयारीला लागली. डावा तळवा हळूहळू खाली आणत तिने व्हायोलिनांना इतकं मृदू केलं की समोरच्या रांगेत कुणी कपडे सावरले तेही ऐकू आलं. साथ हलकी असेल तर मामाला जोराने फुंकावं लागणार नाही, आणि जोर वाचला तर श्वास वाचेल, एवढं साधं गणित होतं ते. गणिताच्या बाईंनी भुवई उंचावून तिच्याकडे पाहिलं आणि आपला गज आणखी हलका केला.

मामाने डोळे मिटले. ताईने त्याच्याबरोबर श्वास घेतला. समोरच्या सगळ्या व्हायोलिनांनी तिच्याबरोबर घेतला. सूर निघाला.

सुरुवातीला तिने हात रुंद ठेवला, अगदी ऐसपैस. मामाजवळ भरपूर होतं तोवर त्याला भरपूर वेळ दिला. घागर वर यायला लागली. त्याच्या कोटाचे खांदे हलले. आता, असं तिचं मन ओरडलं. हात शिवशिवला. पण तिने तो पुढे ढकलला नाही. ती जराशी चवड्यांवर उचलली गेली, नजर चेलोंकडे गेली, आणि काठी फक्त लहान झाली, पिसासारखी. दाताच्या डॉक्टरांनी ते पाहिलं. चेलो हलके झाले, त्यांच्यावर व्हायोलिनं हलकी झाली आणि सगळी साथ केसभर पुढे सरकली. वारा नसताना होडी सरकावी तशी. मामा त्या साथीवर बसून होता. डोळे मिटलेलेच.

काठ आला. शेवटचा सूर लागला. तो तुटला नाही. तो तिथे राहिला, तिने धरलं होतं त्याहून जास्त, आणि मग त्याहूनही जास्त. मामाकडे श्वासाची शिल्लक होती! इतक्या वर्षांनी हाती लागलेली ती चैन तो उधळत होता. ताईचा हात हवेत थांबला. पुढचा ठोका यायचा होता आणि चाळीस माणसं तिच्याकडे बघत होती. तिने वाट पाहिली. न हलता, पातेलं न हलवता, तिने मामाचं समाधान होईपर्यंत वाट पाहिली. खांदे खाली येतानाच मग तिने काठी अलगद उतरवली.

कार्यक्रमानंतर मागच्या खोलीत पेट्या मिटायची गडबड चालली होती. मामा क्लॅरिनेटचे तुकडे एकेक करून पुसत होता. गाल लहान मुलासारखे लाल झाले होते.

"श्वास उरला होता, पोरी," तो म्हणाला. "उरला होता! नर्सबाई, तुला अजून थोडी वर्षं वाट बघावी लागणार."

"मी शंभर वर्षं थांबते," नर्सबाई म्हणाली आणि डोळे पुसायला पाठ फिरवली.

मामाने ताईच्या डोक्यावर टपली मारली. "आणि बघितलंस? तू मध्ये कडमडली नाहीस तर कसं झकास झालं. काहीच केलं नाहीस ना आज?"

ताईने तोंड उघडलं. इतक्या रविवारची टर तिला आठवली, आणि बशी विसळायला उठणारा दादाही.

"काहीच नाही," ती म्हणाली.

"तेच म्हणतोय मी. तुझ्या भावालाही जरा शिकव."

सभागृह रिकामं झाल्यावर ती दादाला न्यायला गेली. मान खाली असल्यामुळे त्याला पायऱ्यांची उतरण नीट कळत नव्हती. तिने त्याचा दंड धरला. दोघं सावकाश खाली उतरू लागली.

"शेवटचा सूर फार लांबवलास," दादा स्वतःच्या बुटांना म्हणाला.

"मी नाही. मामाने लांबवला."

"हं." दादाने पायाने पुढची पायरी चाचपली. "असंच म्हणायचं असतं."

खाली वळणाशी एक पायरी जरा उंच होती. ताईने सांगितलं नाही. फक्त त्याच्या दंडावरची बोटं किंचित घट्ट केली, आणि दादाने पाय उचलला.